म्हशीचा काळा रंग
काळ्या शाईचं नवं कार्ट्रिज उघडलं की मला आधी गोठ्याचा वास येतो. नवा प्रिंटर घेतल्यावर मला कृष्णधवल फोटोंचं वेडच लागलं होतं. पाथर्डीकडच्या एका शेतकऱ्याच्या म्हशीला प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला, म्हणून फोटो काढायला मी त्याच्या गोठ्यात गेलो. "माझा नगं, तिचाच काढा," म्हणत तो दिसेनासा झाला. तेल लावून चमकवलेल्या शिंगांशेजारी त्याची बायको फिक्या लुगड्यात उभी राहिली. पुढं दोघं भिंगारला माझ्या दुकानात आली. पहिल्या प्रिंटमध्ये लुगडं झकास, पण म्हैस नुसती काळीमिट्ट. "म्हस कुठं हाय? ह्यो तर डांबराचा डाग!" तो म्हणाला. मी फोटो उजळला, तर बाई म्हणाली, "राख फासली व्हय तिला?" मग मी इरेला पेटलो. कागद बदलला आणि लुगड्याला हात न लावता फक्त अंधार हळूहळू उघडत गेलो. प्रिंटरमधून आधी शिंगं बाहेर आली, मग पाठीवरचा केस न् केस, आणि मानेखालच्या काळोखात काळं घोंगडं पांघरून, दावं धरून बसलेला तोच, गालातल्या गालात हसणारा! बाईनं तोंडाला पदर लावला. "घरात ह्यांचा एक फोटो न्हाई, लई लाजत्यात!" तो पुटपुटला, "मग तो डांबराचाच द्या की." तोवर तिनं ओल्या शाईचा फोटो दोन्ही हातांत धरला होता. अजूनही प्रिंटमध्ये काळा गडद उतरला की मी वाकून बघतो, आत कुणी लपून बसलंय का.