ढोलकीची जागा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बँडमधल्या तिघांना तर मुळीच नाही. ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना गेल्या रविवारी सांगितलं — आणि आता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ ऐनवेळी कशी आत ओढली जाते, ते मला आठ वर्षांत पुरतं कळलंय.

मी आदिलाबादजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. परीक्षेत कुणी शेजाऱ्याचा पेपर पाहून लिहिताना सापडलं, तर वर्ग चिडीचूप होईल इतकी ओरडते. हसू नका. किंवा हसा — मलाही आता हसू येतं.

शाळेबाहेर मी गिटार वाजवते. आमचा चौघांचा बँड आहे, नाव ‘चव्वेचाळीस’. ज्या हायवेच्या कडेला आम्ही सगळे वाढलो त्याचा तो नंबर. गाणी आमची, मराठीतली, अधूनमधून तेलुगू. पण आवाज आमच्या जन्माआधीच्या रॉकचा. फाटलेली गिटार, लांबलचक सोलो, स्टेजच्या फळ्या हलवणारे ड्रम. जगात अशी तरुण मंडळी बरीच आहेत, आजोबांच्या काळातला आवाज घेऊन उभी राहिलेली. काहींची लोक टिंगल करतात, नक्कल म्हणून. आमची कुणी केली नाही. उलट जिथे जाऊ तिथे विचारतात, तुमच्याकडे हा आवाज आला कुठून?

आणि मी सांगायचे — बाबांकडे जुन्या विलायती बँडच्या कॅसेट होत्या, त्या ऐकत मोठी झाले.

आमच्या घरात अशी एकही कॅसेट नव्हती. बाबा ऑफिसातून आले की त्यांना शांतता लागायची, शेजारची ढोलकीसुद्धा त्यांच्या डोक्यात जायची. ते गेल्यावर मी त्यांच्या नावावर ही आवड खपवली. मेलेल्या माणसाला काय, तो थोडाच नाही म्हणतो? पण हीसुद्धा मोठी गोष्ट नव्हे. मी आडवळणाने चालले आहे, मला कळतंय.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. गुडीहत्नूरला राहतात. एमआरओ ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसील कचेरीत, अटेंडर होते, पण तालुक्यात त्यांना ओळखायचे ते बेंजोमुळे. बेंजो तुम्ही पाहिला असेल — टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत ते तो वाजवायचे. जयंतीला, लग्नात, विहाराच्या कार्यक्रमात. बेंजो अॅम्प्लिफायरला, अॅम्प्लिफायर भोंग्याला, आणि त्या जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये काहीतरी बिघडलेलं असल्यामुळे आवाज फाटून यायचा. गायक कुरकुर करायचे. मोठेबाबा म्हणायचे, “फाटू दे ना. लांबलोक जाते.”

गाणं सुरू होण्याआधी ते एक तुकडा वाजवायचे. स्वतःचा, कुणाकडून घेतलेला नाही. तीन वेळा वर चढायचा आणि चौथ्यांदा धाडकन खाली यायचा. तो ऐकला की लोक हातातलं ताट ठेवून मांडवाकडे निघायचे.

पुढे मी बासरच्या कॉलेजात शिकायला गेले. होस्टेलमधल्या मैत्रिणीने एकदा माझ्या कानात इअरफोन घातला — पन्नासेक वर्षांपूर्वीचा कुठलासा विलायती बँड. ती डोळे मोठे करून बघत होती, मला कसं वाटतंय म्हणून. मला काय वाटलं सांगू? अगं, हा तर मोठेबाबांचा बेंजो! तेच फाटणं, तेच किंचाळणं, अंगावर तोच काटा. मी तिला म्हटलं, छान आहे. बेंजोचं नाव काढलं नाही. तेव्हापासूनच काढलं नाही, बघा.

का? ह्या प्रश्नापाशी मी फार वेळा येऊन परत फिरले आहे. बेंजो म्हटलं की पार्टी आली, पार्टी म्हटलं की वस्ती आली, निळा झेंडा आला, आणि मग समोरचा माणूस ‘अच्छा, अच्छा’ म्हणून ज्या नजरेने बघतो ती नजर आली. विलायती कॅसेट म्हटलं की तो आदराने बघतो. मला आदर हवा होता. मला माझ्याच माणसांची लाज वाटली — इतकं साधं आहे ते.

आता ती मोठी गोष्ट सांगते.

गायन पार्टीत एक रीत असते. दोन गाणी झाली की मुख्य गायक वाजवणाऱ्यांची नावं पुकारतो. ‘ढोलकीवर अमुक, राहणार तमुक’. ज्याचं नाव येईल तो जागेवर उठतो, लोकांना हात जोडतो, बसतो. नाव गावासकट घ्यायचं. चाल दुसऱ्याची असेल तर त्याचंही नाव, तो मांडवात असेल तर त्याने उठायचं. ही रीत मी आमच्या बँडमध्ये आणली. लोकांना फार आवडते. त्यांना वाटतं, ही आमचीच शक्कल.

आठ वर्षांपूर्वी आदिलाबादला एका कॉलेजच्या मैदानावर आमचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. मी मोठेबाबांना बोलावलं नव्हतं. कुठूनसं कळलं आणि ते बसने आले. स्टार्च केलेला पांढरा शर्ट, दुसऱ्या रांगेत. आम्ही ज्या गाण्याने आज ओळखले जातो ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाजवलं, आणि त्याची सुरुवात — तुम्हाला कळलंच असेल — तोच तुकडा. गिटारवर. तीन वेळा वर, चौथ्यांदा खाली. मैदान वेडं झालं.

मग मी नावं पुकारली. ड्रमवर अमुक, राहणार इचोडा. तो उठला, हात जोडले. बासवर, कीबोर्डवर. मग मी म्हटलं, “आणि ह्या गाण्याची चाल...”

मोठेबाबांनी गुडघ्यावर हात टेकले. शर्ट खाली ओढला. ते अर्धे उठले होते, हात जुळत आले होते. मी ते पाहिलं. दिव्यांमुळे समोरचं दिसत नव्हतं वगैरे काही नाही — मी पाहिलं.

आणि म्हटलं, “ही चाल माझी.”

ते बसले. मागच्या माणसाने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, त्याला वाटलं म्हातारा मध्येच उठलाय.

एवढ्यावर संपत नाही. कार्यक्रम झाल्यावर ते स्टेजच्या मागे आले, माझी गिटारची बॅग उचलून उभे राहिले. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने मला विचारलं, हे कोण? ते दोन हातांवर होते. मी म्हटलं, “गावाकडचे आहेत कुणीतरी.” कुणीतरी! ज्या माणसाने माझी बोटं धरून मला पहिले सात सूर दाखवले, तो कुणीतरी. त्यांनी ऐकलं का? मी विचारलं नाही. त्यांनी बॅग माझ्या हातात न देता ड्रमवाल्याकडे दिली आणि बस पकडायला निघून गेले.

त्यानंतर आठ वर्षं आम्ही सणावाराला भेटत राहिलो. जेवलो, तब्येतीची चौकशी केली. बँडबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. मी त्यांच्याकडे जाताना दरवेळी मिठाई जरा जास्तच न्यायचे.

मग गेल्या महिन्यात हैदराबादच्या एका चॅनेलवाल्यांचा फोन आला. जुन्या रॉकचा आवाज जपणाऱ्या नव्या बँडवर ते लोक व्हिडिओ करताहेत, आणि त्यांना आमच्या घरी येऊन बाबांच्या कॅसेट शूट करायच्या आहेत. आता काय करणार? शहाण्या माणसाने तिथेच कबूल केलं असतं. मी गेल्या रविवारी सकाळी इचोड्याच्या भंगारवाल्याकडे गेले, जुन्या इंग्रजी कॅसेट शोधायला. हो, खरंच. तीन मिळाल्या. एकीत टेपच नव्हती. मी त्या ओढणीने पुसत बसले होते, आणि मग वाटलं, फार नको पुसायला, वापरलेल्या दिसायला हव्यात — म्हणून पुन्हा थोडी धूळ चोळली. विज्ञानाची बाई, भंगाराच्या ढिगात उकिडवी बसून कॅसेटला धूळ लावते आहे! माझं मलाच इतकं किळसवाणं आणि इतकं हास्यास्पद वाटलं, की मी त्या तिथेच टाकल्या आणि गुडीहत्नूरची ऑटो पकडली.

मोठेबाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. कॅसेट, चाल, दुसरी रांग, ‘कुणीतरी’. थांबत, अडखळत, पण सगळं. ते शेंगा सोलत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. किंवा म्हणतील, जाऊ दे पोरी — आणि मला त्याचीच जास्त भीती होती.

ते म्हणाले, “तू ते चुकीचं वाजवून राह्यली.”

मला काही कळेना.

“आठ वर्सं झाले. तिसऱ्यांदा वर गेल्यावर तिथं सूर नाही. तिथं थांबा लागते. तिथं ढोलकी बोलते. तूनं तिथं गिटारच वाजोली. ढोलकीची जागा खाऊन टाकली तूनं.”

मी विचारलं, मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?

“काऊन बोलू? तूनं सांगतलं ना, चाल तुही हाय म्हनून. मंग सूनबाईनं मोबाइलातबी तेच दाखोलं मले. दुसऱ्याच्या चालीत मी काऊन तोंड घालू?” मग सुपातल्या टरफलांवर हात फिरवत म्हणाले, “आता माही हाय म्हनतं, तं सांगतो.”

मी हसायला लागले आणि हसता हसता रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. आत जाऊन कपाटावरून बेंजो काढला, फडक्यातून सोडवला. दोन तारा गेलेल्या, डाव्या हाताचं एक बोट वळत नाही. तरी वाजवला. वर, वर, वर — मग थांबले, नखाने लाकडावर दोन ठोके दिले, आणि धाडकन खाली. इतकं साधं, आणि इतकं चांगलं. मग बेंजो माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, “आता तू.” मला जमेपर्यंत त्यांनी चहासुद्धा मागवला नाही.

त्यांनी मला माफ केलं का? तो विषय निघाला नाही, मी काढलाही नाही. अर्ध्या वाटेवरून खाली बसलेलं माणूस आठ वर्षांनी पुन्हा उभं करता येत नाही, हे मला कळतं. पण ऑटोने परत येताना मला इतकं मोकळं वाटत होतं, की ऑटोवाल्याच्या पाठीमागे मी मांडीवर तेच दोन ठोके देत बसले होते. शेवटी त्याने आरशातून पाहिलं.

हैदराबादच्या लोकांना मी कळवलंय, कॅसेट नाहीत आणि कधी नव्हत्याच. बँडमधल्या तिघांना हे वाचूनच कळेल. ड्रमवाल्या, ती जागा आठ वर्षं तुझी होती. घे.

आणि एक नाव पुकारायचं राहिलं होतं, रीतीप्रमाणे, गावासकट.

चाल आणि बेंजो — किसन लक्ष्मण भगत, राहणार गुडीहत्नूर.