पाहिलेलं शाईनं, ऐकलेलं पेन्सिलीनं

"पाह्यलं का आयकलं?"

दारात कोणीही उभं राहिलं की बुकवाले आधी एवढंच विचारायचे. येणारा डोळे पुसत आलेला असो, नाही तर हातात गुळाचा खडा घेऊन, प्रश्न तोच. विचारताना कानावरची पेन्सिल काढून डाव्या हातात धरायचे, उजव्या हातात टाक. "पाह्यलं" म्हटलं की टाक दौतीत बुडायचा. "आयकलं" म्हटलं की पेन्सिल चालायची.

गावात कोण जन्मलं, कोण गेलं, याचं सरकारी बुक आमच्या आसेगावात पाटलाकडे असायचं. पाटलाला अक्षर यायचं ते सहीपुरतं. म्हणून बुक आणि लिहायचं काम दोन्ही या माणसाकडे आलं आणि नाव पडलं बुकवाले. खरं नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं. एकटा जीव, सातवी शिकलेला, खांद्यावर उसवलेला काळा कोट उन्हाळ्यातही अंगात. पेन्सिलीनं काही लिहिलं की स्वतः उठून त्या घरी जायचे, पाळण्यात डोकावायचे, नाही तर मढ्याच्या पायाशी उभे राहायचे, आणि परत येऊन त्याच अक्षरांवरून शाई फिरवायचे. एकदा एका सुनेनं सासू गेल्याचं कळवलं. बुकवाले पोचले तेव्हा सासू उठून बसली होती आणि चहात साखर कमी आहे म्हणून त्याच सुनेला बोलत होती. तेव्हापासून त्यांच्या प्रश्नाला गाव हसेनासं झालं.

बुकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर मात्र वेगळीच वस्ती होती. सगळे परदेशी, सगळे पेन्सिलीत. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणारा इटलीचा म्हातारा ज्या वर्षी गेला, त्याच वर्षी विलायतेत तो झाडावरून पडणाऱ्या फळाकडे पाहून विचारात पडणारा जन्मला. म्हणून ते दोघं एका पानावर. गवळणींच्या हातावरचे फोड पाहून देवीची लस काढणारा डॉक्टर. अंधारात चमकणारं द्रव्य शोधून काढणारी आणि त्याच द्रव्यानं मेलेली बाई.

"यायले काहून लिवता?" मी विचारलं होतं.

"तुमच्या दंडावर देवी टोचल्याचा वण हाय ना, भाऊ? मंग त्या डाक्तरचा जलम कोनाच्या बुकात लिवाचा?"

त्यांचा स्वतःचा जन्मही त्याच पानांवर, पेन्सिलीत. "हजर होतो," म्हणाले, "पन पाह्यला नाही."

आता माझं सांगतो. बाप गेला तेव्हा माझ्याकडे एक कुदळ होती. विहिरीवरची वांग्या-मिरचीची वाडी मी त्या कुदळीनं उभी केली. मंगरूळपीरच्या बाजारात माझ्याशी भाव करायला येणारा माणूस आधी पाणी पिऊन यायचा. आवाज माझा मोठा आणि डोकं त्याहून तापट. बाजारातून मी भाजी बांधायला रद्दी आणायचो, आणि ती आधी बुकवाल्यांच्या हातातून जायची. माझ्या ओट्यावर उभे राहून ते सगळी पानं वाचायचे. त्यांना जगाची बातमी मिळायची ती माझ्या रद्दीतून, दोन-तीन आठवडे शिळी.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात असेच वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. "गेले," म्हणाले. पान घडी करून माझ्या ओट्यावर ठेवलं, सरळ विहिरीवर गेले आणि कोटासकट अंगावर पाणी ओतून घेतलं. ओल्या कपड्यांनी गल्लीतून घरी.

दूरच्या माणसाची वाईट बातमी कानावर आली की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करतात, हे कोणाला सांगायला नको. गल्लीनं ओळखलं, यांचं कोणीतरी गेलं. चूल पेटणार नाही म्हणून चार घरांतून भाकरी निघाल्या. माझ्या घरचीनं पिठलं दिलं, ते मी घेऊन गेलो. दहा-बारा माणसं मान खाली घालून बसली होती. मी जवळ सरकून विचारलं, "कोन होतं तुमचं?"

त्यांनी रद्दीतलं ते पान पुढे केलं. पांढऱ्या विस्कटलेल्या केसांचा एक म्हातारा. "जर्मनीचे. अमेरिकेत राहत. पोटातली नस फुटली. डाक्तर म्हने चिरतो, हे म्हने नोको, झालं आता."

माझ्या हातातलं पिठलं निवत होतं. ज्यानं आसेगाव सोडा, अकोलाही पाहिलं नाही अशा माणसासाठी आमची अर्धी गल्ली दुखवट्याला बसली होती. मी तोंड उघडलं.

"बातमी तीन आठवड्यांची हाय."

"सुतक आयकलं त्या दिवसापासून धरतात, भाऊ."

"आयकलं ना? पाह्यलं तं नाही. मंग आंघोळ कायची केली?"

लोक हसले. बुकवाल्यांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पिठलं ठिवा." मी जिंकलो होतो, आणि मला जिंकायला आवडायचं.

पुढच्या वर्षी माझ्या घरची बाळंत झाली. दिवस भरायला महिना होता, म्हणून मी बाजाराला गेलो. एक व्यापारी सगळी गाडीभर मिरची एकदम घेत होता आणि मी भावावर अडून बसलो होतो. निरोप घेऊन माणूस आला तेव्हाही मी त्याला थांब म्हटलं. तो व्यापारी शेवटी माझ्या भावाला कबूल झाला. मी गावात पोचलो तेव्हा मूल पुरलेलं होतं.

घरची शुद्धीत नव्हती. दुसऱ्या दिवशी डोळे उघडल्यावर म्हणाली, "रडला होता तो. मले आयकू आलं." बाळंतपण करणारी म्हातारी सुईण त्याच संध्याकाळी लेकीच्या गावी, किन्हीराजाला, निघून गेली होती. बायकांपैकी कोणी म्हणे रडला, कोणी म्हणे मेलेलाच आला.

मी बुकवाल्यांकडे गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि तरी विचारलंच. "पाह्यलं का आयकलं?"

जन्मभर बाजारात मी खोटं बोललो असेन. त्या दिवशी का कोण जाणे, खरं बोललो. "आयकलं."

पेन्सिल चालली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. मूल जिवंत आलं असं ठरलं, तर त्याचा जन्म लागतो आणि मृत्यूही लागतो. तो येऊन गेलेला माणूस होतो. मेलेलं आलं तर ते कोणीच नसतं. माझ्या घरचीचा एकच हट्ट होता, तो आला होता हे शाईनं लिहिलेलं असावं. मी बुकवाल्यांना समजावलं, मग शिव्या दिल्या, मग भाव केला. वर्षभराची वांगी देतो म्हटलं.

"हा काही बाजार नाही, भाऊ. बुक गावाबाहेर नेता येत नाही. सुईनीनं पाह्यलं असन तं तिनं बुकापाशी यावं, सांगावं. आत्ता शाई फिरवतो."

"मी बाप हावो. माहा शब्द पुरे नाही?"

"तुमी बाजारात होते."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांना माफ केलं नाही. सुईणीला गाडीत घालून आणणं काही अवघड नव्हतं, पण मी ताठ. माझ्या पोरासाठी मी साक्षीदार गोळा करत फिरू? त्याच दिवशी त्यांची रद्दी बंद केली. बोलणंही बंद. फक्त दर पंधरा दिवसांनी त्यांच्या दारात जायचो आणि बुकाकडे बोट दाखवायचो. ते मुकाट ते पान काढून द्यायचे. पानं उलटून उलटून पेन्सिल पुसट होत चालली होती. मी पाहून परत यायचो. असं वर्षावर गेलं.

सत्तावन्न साली रशियानं आकाशात चंद्र सोडला. बुकवाले आता वर्तमानपत्र वाचायला पायी मंगरूळपीरला जात, तिथून ही बातमी घेऊन आले आणि रोज दिवस बुडाला की गावाबाहेर माझ्या वाडीच्या बांधावर मान वर करून उभे राहू लागले. पोरं त्यांना विचारत, "बुकवाले, नवा चंद्र निंगाला का?" ते म्हणत, "आयकलं हाय. अजून पाह्यला नाही."

एका संध्याकाळी मी मोट सोडून बैल पाण्यावर नेत होतो. सहज वर पाहिलं, तर एक ठिपका. तारा नव्हता. तारा चालत नाही. न लुकलुकता, न थांबता, तो सरळ एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला गेला. माझ्या हातून कासरा सुटला. माणसानं केलेली वस्तू देवाच्या जागेवरून चालत गेली आणि आभाळ फाटलं नाही.

बांधावरून हाक आली, "पाह्यलं?"

"पाह्यलं," मी म्हणालो. वर्षभरात त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द.

दोन दिवसांनी गावात कळलं की बुकवाल्यांनी तो चंद्र बुकात लिहिला. शाईनं. पाहणारे दोन, आणि दुसरं नाव माझं.

माझं डोकं फिरलं. लोखंडाच्या गोळ्याला शाई, आणि माझ्या रक्तामांसाला पेन्सिल? वर साक्षीदार मी? दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपून मंगरूळपीर गाठलं आणि कचेरीत अर्ज दिला. सरकारी बुकात परदेशी माणसं आणि लोखंडी गोळे लिहिले जातात, गावच्या माणसाची नोंद मात्र पुसत चालली आहे. अर्ज लिहिणाऱ्याला मी दोनदा वाचून दाखवायला लावला. गोड वाटला.

पंधरा दिवस मी बुक पाहायला गेलो नाही. म्हटलं, आता साहेबासमोरच पाहू.

कचेरीतले साहेब चौकशीला आले, पाटलाच्या ओसरीवर बसले. बुकवाले कोटाची बटणं लावून समोर उभे. साहेबांनी मागची पानं उघडली आणि मोठ्यानं वाचलं. "जन्म. नाव, उपग्रह. बापाचं नाव, रशिया." ओसरी हसली. साहेब हसले नाहीत. "हे काय आहे?"

"पाह्यलं ते लिवलं, साहेब."

साहेबांनी मागची सगळी पानं फाडायला सांगितली, समज दिली, आणि प्रकरण तिथेच मिटत आलं होतं. मग ते माझ्याकडे वळले. "तुमची तक्रार कोणत्या पानावर?"

मी पुढे झालो. ते पान मला न पाहता काढता आलं असतं. उघडलं, बोट ठेवलं.

बोटाखाली शाई होती.

"मुलगा. जन्मला. रडला. दोन घटका होता. डोक्यावर केस दाट. सुईणीने पाहिले." खाली सुईणीचा अंगठा, ठसठशीत.

केस दाट होते, हे मला माहीत नव्हतं. त्याच्या आईलाही माहीत नव्हतं. मी वाकून ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत होतो, आणि साहेब माझ्या खांद्यावरून पुढचं वाचत होते. "किन्हीराजा मुक्कामी जाऊन विचारले. म्हणजे? सरकारी बुक गावाबाहेर नेलं?"

"नेलं, साहेब. म्हातारीचे पाय चालत नाहीत. ती बुकापाशी येऊ शकत नाही."

"कोणाला विचारून नेलं?"

साहेबांनी बुक मिटलं. परदेशी माणसं चालली होती, बापाच्या जागी रशियाही चालला होता. हे चाललं नाही. लिहायचं काम त्याच ओसरीवर पाटलाच्या पुतण्याकडे गेलं.

तारीख शेजारीच होती. ज्या दिवशी मी गाडीनं कचेरीकडे निघालो, त्याच दिवशी बुकवाले बुक काखेत घालून पायी किन्हीराजाच्या वाटेला लागले होते.

मी साहेबांच्या मागे गाडीपर्यंत गेलो. अर्ज परत घेतो म्हटलं, माझीच चूक म्हटलं, पाया पडतो म्हटलं. जन्मभर जे जमत आलं ते सगळं करून पाहिलं. साहेब गाडीत बसले.

बुकवाले वडाखाली एकटेच उभे होते. मी ओरडलोच. "मले काहून सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं तं ते आयकलेलं झालं असतं," म्हणाले. "तुमी पंधरा दिवसाले येतच होते, भाऊ. म्हटलं, तुमी पाहावं."

"आन् मी तवा इतकं म्हटलं, तवा काहून गेले नाही?"

त्यांनी आभाळाकडे पाहिलं, दिवसाउजेडी, जिथे काहीच नव्हतं. "पेपरात आयकलेलं खरं निंगालं ना तवा वाटलं, आयकलेल्याच्या मागं गावाबाहेर बी आपुनच चालत जावं लागते. इतक्या वर्साचं हे मले आता समजलं."

माझा त्यांच्यावर राग आहे तो अजून आहे. एक शब्द बोलले असते तर मी गाडी जुंपली नसती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, अनेकदा. रद्दी मात्र पुन्हा सुरू केली. ते ओट्यावर उभे राहून वाचत. रशियानं कुत्री वर पाठवली, तेव्हा स्वतःच्या वहीत तिची एक ओळ लिहिली आणि पुढचा रकाना मोकळा सोडला. "कवा मेली ते कोनी पाह्यलं नाही," म्हणाले.

एकोणसाठ सालच्या थंडीत एका सकाळी ते ओट्यावर आले नाहीत. मी गेलो. दार लोटलेलं होतं. कोट खुंटीला, पेन्सिल कानावर.

मी पाटलाच्या ओसरीवर गेलो. पुतण्या चहा पीत होता. सांगितलं, तशी त्यानं बशी बाजूला ठेवून बुक ओढलं आणि टाक दौतीत बुडवला.

"पाह्यलं का आयकलं?" मी विचारलं.

"तुमी सांगून राह्यले ना, काका."

मी त्याचा दंड धरला, बुक त्याच्या काखेत दिलं, दौत माझ्या हातात घेतली आणि भर गल्लीतून त्याला ओढत नेलं. दारात तो घुटमळला. आत ढकलला. खाटेच्या पायाशी उभा केला. डोळे भरून पाहू दिलं.

"पाह्यलं?"

"पाह्यलं, काका."

मी दौत त्याच्यासमोर धरली.