गुरुजींचा अंगठा

खोटं बोलण्यात मी लहानपणापासून हुशार आहे. हे मी मिरवत नाही, पण लपवूनही उपयोग नाही, कारण पुढचा सगळा प्रकार त्या हुशारीतूनच घडला.

विसरवाडीला हायवेलगत खताचं दुकान होतं, तिथं मी कॉम्प्युटरवर बसायचे. शेठ गादीवर आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीवर, एवढ्यावरून कामाची वाटणी समजून घ्यावी. युरियाची गोणी द्यायची तर आधी आधार नंबर टाकायचा, मग घेणाऱ्याचा अंगठा हातभर वायरीच्या छोट्या मशीनवर उठवायचा, आणि मशीनला तो पटला की पावती निघायची. नियम असा की ज्याची गोणी त्याचाच अंगठा. नियम करणाऱ्याने नवापूरच्या डोंगरातल्या बाईचा अंगठा कधी हातात धरून बघितला नसावा. भात लावून, लाकडं फोडून, वर्षाचे काही महिने गुजरातेत ऊस तोडून त्याच्यावरच्या रेघा कधीच्या झिजून गेलेल्या असतात.

"हाई मशीन मन्हा अंगठा काबर लेत नई?" एखादी बाई विचारायची. घरी त्यांची बोली वेगळी, पण बाजारात सगळ्यांची अहिराणीच.

"मशीनले तू आवडनी नई, मावशी," मी म्हणायचे. रांगेत हशा पिकायचा, मावशीही हसायची, पण रांग काही हलायची नाही. मोबाईलवर नंबर मागवायची दुसरी वाट होती. पण घरात मोबाईल एकच आणि तो मुलाबरोबर बारडोलीकडे गेलेला. नंबर तिकडे पोचायचा तेव्हा मुलगा उसाच्या फडात आणि फोन झोपडीत.

गुरुजी रोज दहाला दुकानात यायचे ते पेपर वाचायला. दुकानामागच्या गल्लीत एकटेच राहायचे. सगळी नोकरी त्यांनी डोंगरातल्या शाळांवर काढली होती. दिवसा पोरांना पाढे आणि संध्याकाळी त्यांच्या आयांना सही शिकवायची, असा त्यांचा खाक्या. गावातली शेवटची बाई सही करायला लागल्याशिवाय बदली झाली तरी हलायचे नाहीत, असं म्हणतात. कागदावर अंगठा उठवणारं माणूस दिसलं की त्यांचा जीव तळमळायचा. मीही त्यांच्या हाताखाली चौथी पास झालेली. जमीन म्हणाल तर त्यांच्या दारात एक कढीपत्त्याचं झाड.

एका सकाळी एका मावशीची दहाही बोटं फिरवून झाली. मागे माणसं कावलेली, वर रांग अशीच राहिली तर माझी चारची एसटी चुकणार आणि मग सहापर्यंत गाडी नाही. मी गंमत म्हणून गुरुजींचा आधार नंबर विचारून टाकला आणि म्हटलं, "तुमचा अंगठा बघू जरा." आयुष्यभर खडू आणि पुस्तक याशिवाय काही न धरलेला तो अंगठा. एका झटक्यात पावती निघाली!

मग माझी हुशारी जागी झाली.

"गुरुजी, नवीन नियम आलाय," मी म्हटलं. "ज्याचा अंगठा उठत नाही त्याच्यासाठी गावातला एक विश्वासू माणूस आपला अंगठा देऊ शकतो. त्याला मदतनीस म्हणतात."

"लेखी आहे का?" गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"मशीनमध्येच आलाय."

त्यावर त्यांनी पेपर बाजूला ठेवला. कागदाला ते दहा प्रश्न विचारत, मशीनला एकही नाही. शिवाय सांगणारी त्यांची विद्यार्थिनी होती.

त्या दिवसापासून रांग सरसर हलायला लागली. गुरुजी घरून अंगठा साबणाने धुऊन यायचे, रुमालाने पुसायचे आणि मशीनवर असा ठेवायचे की जणू वर्गात फळ्यावर पहिलं अक्षर काढतायत. लोकही बेरकी. गुरुजी आले का ते बघायला "गुरुजी उनात का?" असं विचारायचं सोडून "अंगठा उना का?" म्हणायला लागले. कोणी तुरीच्या शेंगा आणून द्यायचं, कोणी काकड्या. ते लेकीकडे नंदुरबारला गेले की दुकानात शुकशुकाट व्हायचा आणि शेठ त्यांना फोन करकरून तब्येत विचारायचे. गुरुजींनी तर भाजी चिरायचं सोडलं. अंगठ्याला सुरी लागली तर गावाचं काय होईल, ही काळजी!

एकदा ते मला म्हणाले, "रिटायर झाल्यावर वाटलं होतं की आपलं काम संपलं. पण नाही गं." खरं सांगून टाकावं असं मनात आलं, पण दारात टेम्पो लागला होता. त्यांचा आधार नंबर मला इतका पाठ झाला की नंतर नंतर मी तो त्यांना विचारायचेसुद्धा नाही. दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या कमरेला लटकावून हिंडावं तसंच होतं ते. मी लोकांची सोय करतेय असं स्वतःला सांगायचे आणि ते थोडंफार खरंही होतं. उरलेलं खरं म्हणजे चारची एसटी.

मशीन मात्र काही विसरत नव्हतं. प्रत्येक गोणी ते इमानदारीने गुरुजींच्या नावावर चढवत होतं.

एक दिवस तालुक्याहून तपासणीचे साहेब आले, हातात यादी घेऊन. सगळ्यात जास्त युरिया उचलणाऱ्यांची ती यादी. पहिल्या नावावर त्यांनी बोट ठेवलं. "या इसमाच्या नावावर एक गुंठा जमीन नाही. एवढा माल कुठे गेला? गुजरातेत?"

इसम समोरच पेपर वाचत होते. त्यांनी पेपराची नीट घडी घातली. "मीच तो. पण माल माझा नाही साहेब, मी मदतनीस आहे."

"कसला मदतनीस?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागले. साहेब काळ्या बाजाराबद्दल बोलले, गुन्ह्याबद्दल बोलले. पेन्शन हा शब्द आला तेव्हाही गुरुजी बसून राहिले, पण "या वयात साठेबाजी?" असं साहेबांनी विचारल्यावर ते उठून उभे राहिले. दारात चार माणसं उभी होती. त्यांतल्या दोघांना त्यांनी बाराखडी शिकवली होती.

शेठ माझ्या कानाशी आले. "गुरुजीनं डोकं आते चालत नई, आसं सांगी दे. म्हातारा माणूस शे, कोणी काही करस नई."

युक्ती नामी होती. दुकान वाचत होतं, मी वाचत होते, गुरुजींवर गुन्हाही आला नसता. फक्त उद्यापासून सगळं गाव त्यांना येडं म्हणालं असतं. खोटं कशाला सांगू, मी तोंडही उघडलं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं.

तेवढ्यात गुरुजींनी साहेबांकडे कोरा कागद मागितला. समास सोडला आणि जबाब लिहायला घेतला. साहेब घड्याळ बघत राहिले. मी खुर्चीतून मान लांब करून वाचत होते. 'अंगठा माझा आहे. शासनाच्या मदतनीस नियमाप्रमाणे दिला आहे. सदर मुलगी माझी विद्यार्थिनी असून ती नियमाबाहेर काही करणार नाही, याची मी हमी देतो.'

"गुरुजी, सही करू नका," मी म्हटलं. "असा नियम नाहीये. मीच बनवला तो."

शेठनी कपाळावर हात मारला. साहेब काही बोलणार होते, पण गुरुजींनी हात वर केला आणि एवढा मोठा अधिकारी वर्गातल्या पोरासारखा गप्प बसला. गुरुजींनी लिहिलेला कागद चार तुकडे करून खिशात घातला. दुसरा कोरा कागद माझ्यासमोर सरकवला आणि त्यांचं पेन त्यावर ठेवलं.

"लिही," ते म्हणाले. "मी सांगणार नाही. तुझं तू लिही."

मी लिहिलं. एसटीसकट सगळं लिहिलं, आणि खाली सही केली. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, गुरुजींचं नाव यादीत खोडलं आणि मशीन पिशवीत घालून घेऊन गेले. शेठनी मला तिथल्या तिथं घरचा रस्ता दाखवला. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पायरीवर गुरुजी चपला घालत होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते बाजूला सरकले.

"पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतंस तर मी अंगठा दिला नसता. हे तुला माहीत होतं ना?"

"हो, गुरुजी."

"म्हणजे तू मला चांगली ओळखत होतीस," ते म्हणाले, आणि भर उन्हात गल्लीकडे चालायला लागले.