गाडीची पाठ पाहणारी याडी

प्रवासाहून आलं की माणसं गाडीतून उतरून घरात जातात. आमची याडी आधी गाडीची पाठ पाहायची. याडी म्हणजे माझी सासू. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात आणि नवरा म्हणतो तेच मीही म्हणायची. गुडघे कुरकुरत असले तरी दाराला धरून उभी राहायची, बॉनेटवर थोपटायची आणि म्हणायची, "दमली असंन बिचारी. पानी पाज तिले."

"याडी, ते पेट्रोल पिते."

"मंग पेट्रोल पाज. पन पहिले पाठ पाह्य."

हे खूळ तिच्या आज्याकडून आलेलं. त्यांच्या काळी आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायची. मुक्कामाला पोचलं की ओझं उतरवून आधी बैलाची पाठ चाचपायची, सोललं असेल तिथे हळद-तेल लावायचं, मग चूल पेटवायची. आता राळेगावकडच्या आमच्या तांड्यात कपाशी आहे, तूर आहे आणि बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. पण याडीच्या लेखी आपल्याला वाहून नेणारं जे जे काही, ते सगळं बैलच. त्यात माझी सेकंडहँड गाडीसुद्धा आली.

तिच्या दोन्ही हातांत मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या जाड बांगड्या होत्या. फुटल्या की नव्या भरायची, पण हात कधी रिकामा ठेवला नाही. आमच्यात दंडावरच्या बांगड्या उतरतात त्या नवरा गेल्यावरच, आणि माझे सासरे, बापू, चांगले ठणठणीत होते. गुडघ्याच्या डॉक्टरकडे यवतमाळला जाताना ती माझ्या शेजारी बसायची, दारावर कोपर टेकवायची आणि रस्त्यात दिसेल त्याला हात करायची. ओळख असलीच पाहिजे असं काही नव्हतं. या दाराला आतून काळ्या चकचकीत प्लास्टिकची पट्टी आहे. दिसायला देखणी, पण भारी नाजूक. तिच्यावर बांगड्या घासून घासून बारीक चऱ्यांचं जाळं झालं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. वस्तू वापरली की झिजणारच.

घोळ घातला तो आमच्या जावयांनी. नणंदेला घेऊन दिवाळीला आले, गाडीचं दार उघडलं आणि भर अंगणात म्हणाले, "काय वो वहिनी, गाडीत मांजर बांधून ठेवलं होतं काय?" सगळे हसले. याडी तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पट्टी पांढुरकी पडलेली! मी ओरडलेच, "याडी! हे काय केलं?"

"राखेनं घासली. पितळ कसं लखलखते राखेनं." मग जरा वाकून पाहत हळूच म्हणाली, "जास्तच सोलली काय वो?"

हसावं की डोकं धरून बसावं! पितळ उजळवणाऱ्या राखेने प्लास्टिकची पार रया घालवली होती. पण तिचा चेहरा इतका उतरला होता की मी नुसतं दार लावून घेतलं. जेवताना तिने बापूंना सांगितलं, "कासाराले बोलवा. दंडावरच्या बांगड्या उतरवून टाकीन. जे आपल्याले वाहून नेते, तिचीच पाठ सोलली मी."

बापूंचा घास हातातच राहिला. "मी जिता असताना?"

"मंग मी गाडीत बसत नाही. एसटीनं जाईन."

त्या गुडघ्यांनी एसटीची पायरी तिला चढवली नसती, हे तिघांनाही ठाऊक होतं. आणि याडी एकदा बोलली की बोलली. बापू ताटावरून उठून गेले. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "कासार-बिसार कोनी येनार नाही! रविवारी ते पट्टी पहिल्यासारखी करतो. नाही झाली तर गाडी विकून टाकीन, पन बांगड्याईले हात लावाचा नाही!"

बोलून तर बसले, आता करायचं काय? यवतमाळच्या एका दुकानातून प्लास्टिकचं पॉलिश आणि मऊ मायक्रोफायबरची फडकी आणली. दुकानदार म्हणाला, "पहिले नख फिरवून पाहा. नख अडकलं तर चरा खोल आहे, तो जात नाही. नाही अडकलं तर निघते." रविवारी सकाळी गाडी अंगणातल्या सावलीत घेतली. मी पट्टीवर नख फिरवत होते आणि याडी श्वास रोखून पाहत होती. नख कुठेच अडकलं नाही.

आधी साबणाच्या पाण्याने धूळ आणि राख उतरवली, कारण कोरडं पुसलं की धुळीनेच नवे चरे पडतात. मग फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन गोल गोल घासायला लागले. तोच याडीने फडकं हिसकावलं. "अवो, रोटी थापून राह्यली काय? जखम हाय ते. हलक्या हातानं कर." पुढचं सगळं तिनेच केलं. घासायचं, पुसायचं, मान तिरकी करून उजेडात पाहायचं, पुन्हा घासायचं. दुपार होता होता पट्टीचा काळा रंग वर आला आणि त्यात तिचा चेहरा दिसला, अंगातल्या कांचळीवरच्या, म्हणजे चोळीवरच्या, आरशांसकट. ती पाहतच राहिली. "भरली वो पाठ," म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मागे बापू उगाच तुरीकडे पाहत उभे होते. "झालं न? मंग च्या ठेवा," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून पॉलिशची बाटली आणि फडकी दाराच्या खणातच राहिली. प्रत्येक फेरीनंतर याडी पट्टी पुसायची, चरा दिसला की पॉलिश करायची. "दरवेळी पॉलिश कायले? ओलं फडकं पुरते," मी चिडायची. "तू तुयं काम कर," ती म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात तिला तापाने धरलं. यवतमाळहून परत येताना तिच्यात बसायचं त्राण नव्हतं. तरी तांड्यात पोचल्यावर फडकं काढून पट्टी पुसायला लागली. मी ओरडले. "झालंच, झालंच," म्हणत तिने हात पुरा केला आणि मगच उतरली. त्याच आठवड्यात याडी गेली. भरल्या हातांनी गेली. बापू तिच्या बांगड्यांवरून कितीतरी वेळ हात फिरवत बसले होते. "मी असताना नाही उतरल्या," म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले.

सगळं आटोपल्यावर मी गाडीत तिच्या जागी जाऊन बसले. पट्टी उन्हात तिरकी पाहिली. मोबाइलचा टॉर्च लावला. नख फिरवलं. एवढ्या फेऱ्या, एवढ्या बांगड्या, आणि कुठे एक रेघ नव्हती. खणातली फडकी तेवढी तिने ठेवली तशीच होती.

"इतकी पाठ भरून जाते काय कोनी?" मी भर दुपारी रिकाम्या गाडीत तिच्याशी भांडत होते. "एक तरी चरा ठेवाचा होता वो, याडी."