मुशीच्या तेलाची फटफटी

वेणूबाईंविषयी रावजीला खरं पाहता फार थोडं ठाऊक होतं. त्यांचं माहेर कुठलं, नवरा कधी गेला, एवढ्या अंगणात त्या एकट्या कशा राहत, हे त्याने कधी विचारलंच नाही. चौलच्या खाली, खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा आहे, तिथलं त्यांचं अंगण मात्र त्याला पाठ होतं.

रावजी अलिबागेत कारकून. देश स्वतंत्र झाला तेव्हा कचेरीतला गोरा साहेब मायदेशी निघाला आणि जाताना आपली घडीची होडी रावजीच्या गळ्यात मारून गेला. लाकडी फासळ्या आणि वर कॅनव्हास. उघडली की एक माणूस पाय पसरून बसेल एवढी, मिटली की दोन पोती. त्या दिवसापासून रावजीच्या डोक्यात एकच खूळ. खाडी ओलांडायची, कोर्लईला वळसा घालायचा, काशीदच्या पुळणीवर मुक्काम करायचा आणि परत यायचं.

पोती वाहायला थोरल्या भावाची, अंबाजीची फटफटी होती. तिला बाजूला डबाही होता. अंबाजी ती रोज सदऱ्याच्या बाहीने पुसायचा. चावी देताना तो म्हणाला, "एक ओरखडा दिसला, तर पुन्हा हात पसरायचा नाही."

म्हणजे होडी पाण्यात कुठून घालायची याच्याआधी फटफटी कुठे ठेवायची, हा प्रश्न. वाडीवाला म्हणाला, "वर नारळ लागलेत. तुमच्या डोक्यात पडला तर माझं काही नाही, पण गाडी दुसऱ्याची आहे." देवळाच्या गुरवाला दारात चामड्याची सीट नको होती. नाक्यावरच्या शिपायाने पोती उघडून पाहिली आणि डोळे बारीक केले.

"पोत्यातून होडी नेताय. येताना होडीतून पोती आणणार काय?"

रावजी घाम पुसत कोळीवाड्यात आला, तर वेणूबाई बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या.

"कुठं चाललास?"

"काशीदला. होडीने."

"सोयरीक हाय तिकडं?"

"नाही. सहज."

"सहज," वेणूबाई म्हणाल्या, जणू कुठल्याशा आजाराचं नाव ऐकावं तशा.

"ही फटफटी ठेवाल का इथे? उद्या संध्याकाळपर्यंत. भावाची आहे, जपायला हवी."

"आख्ख्या वाड्याच्या होड्या पावसाळाभर माज्या दारात असतात. एक तरी पळाली काय? लाव तितं. आनि उतरायचं तं वलांडीच्या मागनं उतर. फुडं चिखल हाय."

रावजी गेला आणि दुसऱ्या दिवशी खांदे सोलपटून, पण राजासारखा परत आला. अंगणात पाहतो तर फटफटी नाही.

"वेणूबाई, गाडी?"

"वर घेतली. उधाणाचं पानी पार वलांडीला लागलं. चौघं बोलावले, हैशा करून ओढली."

फटफटी पडवीत माडाच्या ओंडक्यांवर चढवलेली होती. पुढचं चाक दोराने खांबाला बांधलेलं, हँडलवर झेंडूचं फूल, वरून विणलेल्या झावळ्यांच्या झापांचं पांघरूण. झाप काढले तर ती पितळेच्या समईसारखी चकाकत होती. मग वास आला.

"हे काय लावलंत?"

"मुशी माशाचं तेल. खारं वारं कवा लाकूड न्हाय बगत, लोखंड न्हाय बगत. होडीला लावतो तसंच लावलं. बुडालाबी."

"सीटला?"

"तिला आदी लावलं. चामडं सुकतं ना रं."

एवढ्या मायेने केलेल्या कामावर चिडायचं कसं, ते रावजीला कळलं नाही. तो पोती डब्यात टाकून निघाला. अलिबागेच्या बाजारापासून मांजरं मागे लागली. घरापाशी पोचला तेव्हा मिरवणूकच झाली होती आणि अंबाजी दारात उभा होता.

अंबाजीने नाकावर बाही धरून फटफटीभोवती फेरी मारली. वाकून पाहिलं, बोट फिरवलं. ओरखडा कुठेच नव्हता. शिकेकाई झाली, चुना झाला, दोन दिवस ऊन दाखवून झालं, वास जागचा हलला नाही. शेवटी आतून गोदूवहिनी म्हणाल्या, "ती तरी ठेवा, नाहीतर मला तरी."

अंबाजी शब्दाचा पक्का. ओरखडा नव्हता, म्हणून तो रागावलाही नाही. फक्त चावी रावजीच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "तुझ्याकडेच राहू दे. कायमची."

मग दर हिवाळ्यात रावजी त्या अंगणात फटफटी लावून होडीने जाऊ लागला. तेल लावू नका, असं त्याने दरवर्षी सांगितलं. वेणूबाई दरवर्षी "बरं" म्हणाल्या, आणि दरवर्षी सीट ओली मिळाली. गोव्यात सैन्य गेलं त्या हिवाळ्यापर्यंत हे असंच चाललं. पुढल्या हिवाळ्यात त्या अंगणात वेणूबाई नव्हत्या. पण त्या शेवटच्या खेपेला हे कोणाला ठाऊक असणार. रावजी पोती डब्यात टाकत होता, वेणूबाई बोंबील उलटत होत्या.

"येतो, वेणूबाई."

"ये. पन फुडच्या बारीला गाडी वाऱ्याखाली लाव. माज्या बोंबलांना पेट्रोलचा वास लागतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं."

"बरं. तिकडे कोपऱ्यात लावतो."

"लाव."