एक्सलेटरखालचा ठोकळा

बातमी आली तेव्हा मी लातूरच्या एका पेट्रोल पंपाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली उभा राहून हातातली काचेची नळी जोरजोरात हलवत होतो. माझ्यासारखा पोट सुटलेला मंडपवाला भर दुपारी असं काही करताना दिसला की माणसं थांबून बघतात आणि मला ते आवडतं, म्हणून मी जरा जास्तच हलवत होतो. नळीत खाली पाणी, वर गाडीत आत्ताच भरलेलं पेट्रोल. हलवलं की पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ वर चढते; रेघ जितकी वर, तितकं इथेनॉल जास्त. टाकी भरली की रेघेचा फोटो नांदेडला पाठवायचा, असा माझ्या मेकॅनिक दोस्ताचा, मकसूदचा हुकूम होता. मी पाठवला. एरवी ‘चल, जा’ असं उत्तर लगेच यायचं. त्या दिवशी त्याच्या नंबरवरून फोनच आला. मी माझ्या माइकवरच्या आवाजात म्हणालो, “बोला उस्ताद, रेघ पसंत पडली का?” पलीकडं त्याची बायको, शबानाभाभी होत्या. त्या म्हणाल्या, “बालाजीभाई, ते गेले.” मी विचारलं, कुठं? … खरंच विचारलं. दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या चहाचा कप खाली ठेवला आणि मान टाकली, एवढंच त्यांना सांगता आलं. नळी माझ्या हातात तशीच होती आणि पाण्याची रेघ अजून वर चढत होती.

मकसूद आणि मी नांदेडच्या आयटीआयत एका बाकावर होतो. तो इंजिन शिकला, मी इंजिन शिकवणाऱ्यांच्या नकला शिकलो. पुढं मी लातूरला मंडप आणि माइकचा धंदा टाकला, त्यानं आजोबांपासून चालत आलेलं रेडिएटरचं दुकान धरलं आणि हळूहळू ते टर्बो गाड्यांचं करून टाकलं. मी जुनी टर्बो गाडी घेतली तेव्हा तो बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, “बालाजी मियाँ, तुमच्या लातूरकडं उसाचं इथेनॉल निघून राहिलंय आणि तू हिला साधं पेट्रोल पाजतोस? लाज न्हाई?” मग त्यानं मला समजावलं. इथेनॉलनं इंजिन आतून थंड राहतं, म्हणून टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब वाढवता येतो. पण ते लागतंही जास्त, तेव्हा इंधन किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे गाडीला लॅपटॉपवरून नव्यानं शिकवावं लागतं. शिकवणी चुकली तर इंधन आतल्या आत अवेळी पेटतं आणि बारीक ठोके येतात. त्याला मकसूद ‘शेंगा फुटणं’ म्हणायचा, भाजताना भुईमुगाच्या फुटतात तशा. जास्त फुटल्या की पिस्टनच जातो.

या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, पण अंगाला कायम स्पिरिटचा वास. लग्नानंतर पहिल्यांदा भोकरला सासुरवाडीला गेला तेव्हा सासऱ्यांनी गळाभेट घेतली आणि घेतल्या घेतल्या सोडली. जावई पिणारा निघाला, अशी रात्रभर घरात कुजबुज. सकाळी यानं सासऱ्यांना हाताला धरून गाडीकडं नेलं, धुराच्या नळीपाशी वाकवलं आणि म्हणाला, “अब्बा, पिते ती ही.” मुदखेडजवळ एकदा पोलिसांनी आम्हाला अडवलं. त्यांच्या यंत्रात आधी त्यानं फुंकलं, मग मी, मग यंत्रावर विश्वास न बसून स्वतः हवालदारसाहेब. शेवटी मकसूदनं त्यांना बाजूला बसवून इथेनॉलची अख्खी शिकवणी दिली, आणि मीच घड्याळ बघू लागलो.

आता ठोकळ्याचं सांगतो. उमरीचे एक पाटील होते, उसाचे मोठे बागायतदार. त्यांच्या मुलाच्या गाडीचं काम अर्धं झालं होतं आणि दोन दिवस गाडी घरी हवी होती. मकसूद म्हणाला, न्या, पण मी सांगेपर्यंत जोरात दाबू नका. आता आमच्या भागात गाडीवाल्याला दाबू नका म्हणणं म्हणजे दाबून दाखव म्हणणं. उमरी यायच्या आत पिस्टनला रुपयाएवढं भोक. तो पिस्टन मकसूदनं दुकानाच्या दारावर टांगला आणि त्या दिवसापासून तोंडी सांगणं बंद केलं. बाभळीच्या लाकडाचा ठोकळा केला आणि काम चालू असलेल्या प्रत्येक गाडीच्या एक्सलेटरखाली तो तारेनं बांधू लागला. पेडल अर्ध्यावरच अडायचं. काम पुरं झालं की तार तो स्वतः कापायचा, ठोकळा काढून मालकाच्या कपाळाला हलकेच टेकवायचा आणि म्हणायचा, “हं, आता उडा.” आमदाराची गाडी असो की डॉक्टरची, कपाळ पुढं करावंच लागे.

माझ्या गाडीचा ठोकळा काही निघेना. महिन्या-दीड महिन्यानं नांदेडला जायचं, भाभींच्या हातचं जेवायचं, मग मुदखेडच्या रस्त्यानं मी गाडी चालवायची आणि त्यानं शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचं. इंजिनाला माइक चिकटवलेला, कानावर मोठा हेडफोन. दोन्ही वस्तू माझ्याच दुकानातून उचललेल्या. शेवटच्या भेटीत गाडी लोण्यासारखी धावली. मी म्हणालो, झालं ना आता? त्यानं डोळे मिटले, मान हलवली. “न्हाई रे. शेंगा अजून फुटून राहिल्यात.” मी म्हणालो, मला तर काही ऐकू येत नाही, हेडफोन दे. तो म्हणाला, “तुझे कान लग्नात टाळ्या ऐकायचे. हे काम त्यांचं न्हाई.” आणि ठोकळा तसाच ठेवून मला लातूरला पाठवून दिलं.

त्या दुपारी तोच ठोकळा पेडलखाली घेऊन मी नांदेडला निघालो. उसाचा हंगाम, रस्ताभर ट्रॅक्टर आणि दोन-दोन ट्रॉल्या. एकाला ओलांडायचं तर जोर मिळेना, पेडल अर्ध्यावर येऊन लाकडाला लागायचं. एकदा गाडी कडेला घेतली, पक्कड काढली, खाली वाकलोसुद्धा. पण त्यानं सांगितलं नव्हतं. वाटेत पिस्टन गेला तर पोचणारच नाही, असं वाटलं आणि पक्कड परत ठेवली… पोचलो तेव्हा दफनविधी होत आला होता. तीन मुठी माती टाकायला मिळाली. तोंड बघायला मिळालं नाही. लग्नमंडपात तासतासभर बोलणारा मी, तिथं नुसता हाताची माती झटकत राहिलो. अजूनही मधेच हात फोनकडं जातो आणि मनात येतं, याला विचारू, हे असं कसं झालं.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला पुन्हा गेलो. पाहुणे पांगल्यावर भाभी अंगणात गाडीजवळ आल्या, वाकून आत पेडलपाशी बघितलं. “अजून आहे?” मी म्हणालो, काम राहिलं ना अर्धं. आता दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन होत नाही. भाभी गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “भाई, काम कधीच झालं होतं. दिवाळीच्या आधीच. मी म्हणत होते, बिचाऱ्याला किती फिरवता. तर हसायचे. म्हणायचे, ठोकळा काढला की हा मंडपवाला वर्षवर्ष तोंड दाखवणार न्हाई.”

मी गाडीला टेकलो. ट्रॅक्टरमागं घालवलेला तो सगळा वेळ डोळ्यांसमोर आला. पाय पुरता दाबता आला असता. तोंड दिसलं असतं. मला रागानं ओरडावंसं वाटलं, पण ज्याच्यावर ओरडायचं तो नव्हता. भाभी दुकानात जाऊन आल्या. हातात त्याची पक्कड होती, तार कापायची. “काढू?” त्यांनी विचारलं.

मी आत बसलो, गाडी चालू केली, डोळे मिटले आणि त्याच्यासारखी मान हलवली. नकला मला पहिल्यापासून चांगल्या जमतात.

“न्हाई, भाभी. अजून फुटून राहिल्यात.”

त्यांनी पक्कड पदरात गुंडाळली. “मग येत राहा,” म्हणाल्या. येताना सगळ्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं आलो. पेडल दाबलं की अर्ध्यावर ते लाकूड तळपायाला जाणवतं.