तिमीने आणलेलं कांस्यपदक

हंगेरीत तिसा नदीजवळच्या आमच्या गावात मुलींनी वॉटर पोलो खेळण्याचं कुणाला नवल नाही. एमोके आणि तिमेआ, म्हणजे आमची तिमी, एकाच वर्गात शिकल्या, पोहण्याच्या एकाच तलावात वाढल्या. मी त्यांच्या क्लबाची गोलकीपर. दोघीही डावखुऱ्या. एमोकेचा चेंडू कुठे येणार, हे मला सरावातसुद्धा कळायचं नाही. तिमी मेहनती, पण कायम तिच्या मागे.

त्या उन्हाळ्यात दोघींना राष्ट्रीय संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं. बुडापेस्टला खोलीही एकच मिळाली. एमोकेचा खांदा वसंतापासून दुखत होता. घरीसुद्धा तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. एकदा टी-शर्ट डोक्यावरून निघेना, तेव्हा तिमीनेच काढून दिला, मलम चोळलं.

"कुणाला बोलू नकोस हं, तिमी."

"वेडी आहेस का? मी कशाला बोलू?"

संघ जाहीर व्हायचा त्या सकाळी डॉक्टरांनी एमोकेला हात वर करायला सांगितला. फक्त डावा. तो खांद्याच्या वर गेलाच नाही. दुपारी संघ जाहीर झाला. डावखुरीची जागा एकच होती, तिथे तिमीचं नाव होतं.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला कांस्यपदकाचा सामना आम्ही तलावाच्या कँटीनमध्ये टीव्हीवर पाहिला. एमोकेही आली होती. तिमीने शेवटचा गोल मारला आणि सगळं कँटीन नाचायला लागलं. एमोके उठली, लांगोशची तळलेली पुरी अर्धीच बशीत टाकून घरी गेली.

तिमी परतली तेव्हा तलावावर फुलं घेऊन गर्दी जमली होती. ती सरळ एमोकेकडे आली आणि पदक तिच्या गळ्यात घालायला लागली.

"अर्धं तुझंच आहे हे, एमो."

एमोकेने तिचा हात धरला. "एक सांग. डॉक्टरांनी तुला विचारलं होतं, की तू आपणहून गेलीस?"

"खांदा कायमचा घालवून बसली असतीस तू!"

"मी काय विचारलं?"

तिमीने मान खाली घातली. "आपणहून."

एमोकेने हात सोडला. शरद ऋतूत तिच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. आणखी थोडं खेळली असती तर हात गेला असता, असं सर्जन म्हणाले. तिची आई लगेच म्हणाली, "बघ, म्हणजे पोरीनं वाचवलंच की तुला."

"वाचवायचं होतं तर मला बोलली असती, आई. शेजारच्याच पलंगावर झोपत होते मी."

पुढच्या वर्षी एमोके पाण्यात परतली, पण राष्ट्रीय संघाकडून पुन्हा बोलावणं आलं नाही. क्लबात मात्र दोघी एकत्र खेळायच्या. पाण्यात एमोके ओरडायची, "तिमी, मागे बघ!" आणि चेंडू अचूक तिच्या हातात द्यायची. सामना संपला की टॉवेल उचलून दुसऱ्या दाराने बाहेर. तिमी काठावर उभी राहून त्या दाराकडे बघत राहायची.

एकदा न राहवून मी म्हटलं, "सोड ना आता, एमो. किती दिवस धरून बसणार?"

ती टोपीची नाडी सोडत होती. म्हणाली, "चेंडू देते ना मी तिला? अजून काय देऊ?"